सोनकांबळेकाकांची खुडूक

सोनकांबळेकाका कोंबडीच्या पोटाखाली हात घालतात आणि डोळे मिटतात. कोंबडीची मालकीण श्वास रोखून उभी राहते. थोड्या वेळानं काका डोळे उघडतात आणि निकाल देतात, "सप्लाय न्हाई."

काका जन्मभर लाइनमन होते. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू एक तर चालू असते, नाही तर बंद. चहाचा कपसुद्धा ते आधी उलट्या हातानं चाचपून बघतात.

कंधारात त्यांची आणि आमची भिंतीला भिंत. त्यांची कोंबडी कुत्र्यानं नेली आणि मागं तिची अंडी राहिली. ती त्यांनी ज्वारीच्या डब्यात जपून ठेवली. आता ती उबवायला खुडूक कोंबडी पाहिजे होती, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून ऊब धरून बसलेली. मी म्हणालो, मिळेल की. पण ती निवडायला मीच सोबत यावं असा काकांचा हट्ट. मी लिंगायत, कटलरीचा दुकानदार. आमच्या सात पिढ्यांत अंड्याला कुणी हात लावलेला नाही.

"म्हणून तर तुम्ही, अप्पा! बाकीच्यांच्या डोळ्यांत रस्सा हाय. तुमची नजर साफ हाय."

दुकान भावाच्या गळ्यात घालून मी त्यांच्यामागं हिंडू लागलो.

पहिली कोंबडी हात लावताच पिसं फुलवून टोचायला धावली. मला वाटलं, ही बाद. काका म्हणाले, "राग चांगला हाय. पण पाय लई भारी, अंडी फोडंल." दुसरी शहाण्यासारखी गप बसून राहिली. मला वाटलं, ही गुणाची. "झोपलीय," काका म्हणाले. नायगावात एकीला त्यांनी उचलून लांब ठेवलं, तर ती पळत पळत जागेवर येऊन बसली. मी टाळीच वाजवली. काकांनी मान हलवली, "घाईची हाय. पिल्लं तुडवंल." राग हवा की शांतपणा, चपळाई हवी की जडपणा, मला काही कळेना. मुलासाठी मुलगी बघतानाही आम्ही इतक्या घरचा चहा प्यालो नव्हतो. त्यात डब्यातली अंडी शिळी होत चालली होती.

अखेर एक पसंत पडली. मानेवर पीस नाही, शेपूट अर्धवट. काकांनी पोटाखाली हात घातला आणि खुलले. "फुल्ल सप्लाय!" निम्मी पिल्लं मालकिणीची, अशा बोलीवर कोंबडी घरी आली आणि टोपल्यात बसली.

काकांनी डब्यातलं एक अंडं कानाशी नेऊन हलवलं. दुसरं हलवलं. मग सगळीच. आतून खळखळ येत होती, म्हणजे सगळी नासलेली. काका टोपल्यापुढं मटकन बसले. "हिनं पाळलेली कोंबडी होती ती," एवढंच म्हणाले. काकू गेल्या, मुलगा हैदराबादला. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

मला ते बघवेना. चौकात जाऊन मी आयुष्यात पहिल्यांदा अंडी घेतली, पांढरीशुभ्र, एकसारखी, चांगली डझनभर. बायकोला कळू नये म्हणून पिशवीत वर कोथिंबीर टाकली. काकांनी अंड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. एकेक अंडं अलगद कोंबडीखाली सरकवलं.

"तुम्ही आणलीत, तर रोज येऊन बघाय लागंल, अप्पा."

मी रोज जाऊ लागलो. टोपल्यात डोकावायचं, चहा घ्यायचा, खांबावरच्या आणि काकूंच्या गोष्टी ऐकायच्या. महिना होऊन गेला तरी पिल्लाचा पत्ता नाही. विचारलं की काका म्हणायचे, "दम धरा."

शेवटी मी दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला विचारलं. तो हसून हसून लवंडला. "अप्पा, पोल्ट्रीची अंडी ती! त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलेला न्हाई. पिल्लू कुठून निघंल?"

माझं डोकंच फिरलं. तडक काकांकडं गेलो. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव."

"मग मालकिणीला निम्मी पिल्लं कुठली देणार? आणि मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

काका कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "सांगितलं असतं, तर तुम्ही पिशवी उचलून घरी गेला असता. तुमच्यासारख्या माणसानं माझ्यासाठी अंडी आणली. कसं सांगू?" मग खाली बघतच म्हणाले, "बिचारी उगा बसून राहिली. उद्या परत देऊन येतो. आता तुमचं बी येणं बंदच म्हणायचं."

माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक.

"एकटे जाऊ नका," मी म्हणालो. "दोघं जाऊ. येताना दुसरी खुडूक बघू. अंडी मात्र या खेपेला तुम्ही आणा."