मेंदीचा भाव सांगणारी साळिंदर

एका जंगलात, बाळांनो, रस्ता नव्हता, पण मोबाइलला रेंज मात्र फुल होती. तिथे रेवा नावाची साळिंदर राहायची. ती इतकी लाजाळू, की कुणी "कशी आहेस?" विचारलं तरी मान खाली घालून माती उकरत बसायची.

पण मेंदी काढावी तर रेवानेच. प्रत्येक लग्नात नवरीचे पंजे तीच रंगवायची. पाठीवरचा एक काटा उपटायचा, मेंदीत बुडवायचा आणि वेलबुट्टी काढायची. लग्न संपेपर्यंत काटा झिजून जायचा.

मोबदला? छे! "तू काय, घरचीच!" असं म्हणून सगळे ग्रुपवर मेंदीचा फोटो टाकायचे. खाली चाळीस अंगठे यायचे. अंगठे खाता येत नाहीत, हे रेवाला जरा उशिराच कळलं.

मेंदीपायी कंद खणायला वेळ मिळेना. पोटात काही जाईना, म्हणून नवे काटे उगवेनात. आता पाठीवर तीनच उरले होते. ओढ्यापलीकडून तरस त्यांच्याकडे रोज प्रेमाने बघायचा.

"आता भाव सांगायचाच!" रेवाने ठरवलं. आठ दिवस तिने बिळासमोर पाठांतर केलं. "कलेला मोल असतं, काकू. एका पंज्याला पाच कंद." वरच्या फांदीवर दयाळ पक्षी ऐकत होता. तो रोज सकाळी तिथे गायचा. त्याच्या गाण्याशिवाय रेवाची नक्षी पुढे सरकायची नाही.

नवव्या दिवशी अस्वलकाकू आल्या. "रेवे, शनिवारी आमच्या गुणवंतीचं लग्न. चारही पंजे कोपरापर्यंत भर हं. तीनही काटे लागले तरी आमची काही हरकत नाही."

रेवाने डोळे घट्ट मिटले. "काकू, एका पंज्याला... पाच कंद."

काकूंनी लगेच पिशवीत हात घातला.

"एवढंच ना? अगं, आधी नाही का बोलायचं! हे घे वीस."

बाळांनो, वीस कंद समोर होते. नुसता हात पुढे करायचा होता.

"नको, नको!" रेवा किंचाळली. "मी गंमत केली, काकू! घरचंच तर लग्न!"

"गुणाची गं माझी बाय," म्हणत काकूंनी कंद पिशवीत टाकले आणि त्या गेल्या.

रेवा स्वतःवरच चरफडत बसली. तेवढ्यात दयाळ खाली उतरला.

"रेवाताई, आठ दिवस तुझं ऐकतोय. मला अगदी पटलं. उद्यापासून माझ्या गाण्याला रोज दोन मुंग्या."

"दोन मुंग्या?" रेवा ताडकन उभी राहिली. "गळा तुला देवाने फुकटच दिला ना? तू तसाही गाणारच होतास. मी जरा ऐकलं तर तुझं काय झिजलं? आणि तू काय परका आहेस? घरचाच की!"

हे तिने पाठ केलेलं नव्हतं. तरी ती एकदाही अडखळली नाही.

दयाळ उडाला तो थेट ओढ्यापलीकडे. आता तो तिकडेच गातो. तरस त्याला न चुकता रोज दोन मुंग्या देतो. तरसाला कलेची फार कदर. शनिवारचं लग्न आटोपलं की रेवालाही एकदा निवांत भेटायची त्याची इच्छा आहे.

तात्पर्य: कला फुकट असावी की विकत, याचा फार विचार करू नये. आपली असेल तेव्हा लाजावं आणि दुसऱ्याची असेल तेव्हा तत्त्वाचं बोलावं.