किरकिरं गिऱ्हाईक

माझे सासरे गेले तेव्हा भेटायला येणारी माणसं खाली मान घालून बसायची, दोन शब्द बोलायची आणि उठायची. हसनचाचा आले ते सासूबाई बसल्या होत्या त्या कॉटपाशी उभे राहिले आणि त्यांनी मूठ वळून गादीत दाबली. एकदा डोक्याकडे, एकदा पायाकडे. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, ही कुणी भरली?"

मला असा राग आला की काय सांगू. घरातलं माणूस गेलंय आणि ह्यांना गादीचं पडलंय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा हातगाडी घेऊन हजर. गादी नेली, दिवसभरात कापूस पिंजून, नवीन खोळ घालून संध्याकाळी परत आणली आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. त्या रात्री सासूबाई आठवड्यानंतर पहिल्यांदा सलग झोपल्या. सकाळी म्हणाल्या, "माणूस विचित्रच आहे. पण येऊ दे त्याला अधूनमधून."

शनिवार पेठेत माझं ब्लाउज आणि पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान कसलं, एक शटर, एक पायाची मशीन, एक पिकोची आणि मी. शेजारचं शटर हसनचाचांचं. त्यांचे आजोबा खांद्यावर पिंजण टाकून दारोदार फिरायचे, वडिलांनी दुकान घातलं, चाचांनी कापूस पिंजायची मशीन आणली. दुकानामागच्या दोन खोल्यांत ते आणि अमिनाभाभी राहायचे. चाचा गाद्या भरायचे, भाभी खोळी शिवायच्या. मुलगी शाहीन लग्न होऊन हडपसरला गेलेली.

लोक सकाळी भेटले की "काय म्हणता" विचारतात. चाचा विचारायचे, "झोप कशी झाली?" आणि विचारून सोडून देतील तर शपथ. "बरी झाली" म्हटलं की पुढे, "बरी म्हणजे? मान धरली का? कोणत्या कुशीवर होता?" आमच्या वरच्या मजल्यावर एका बँकेचं ऑफिस आहे. तिथल्या मॅनेजरांनी एकदा चुकून सांगितलं की कंबर दुखते. चाचांनी त्यांना जिन्यातच पाठमोरं उभं करून पाठीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "साहेब, तुमच्या गादीत मधोमध खड्डा आहे आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तेव्हापासून मॅनेजर मागच्या जिन्याने जातात.

"बसून नको, निजून बघा," हे त्यांचं आवडतं वाक्य. गिऱ्हाईक गादीवर टेकून "छान आहे" म्हणालं की चाचा गादी द्यायचेच नाहीत. भर रस्त्याला लागून सतरंजी अंथरलेली, तिच्यावर गादी, आणि पेठेतल्या सभ्य बायकांनी चपला काढून तिथं आडवं व्हायचं. बहुतेक जणी नाही म्हणायच्या. मग चाचा हात जोडून म्हणायचे, "मग आपण दुसरीकडे बघा." धंदा असा करतात का? पण करायचे, आणि पोट भरायचं.

शाहीनचं लग्न ठरवायला गेले तेव्हाची गोष्ट भाभी हसत हसत सांगायच्या. मुलाकडच्यांनी सरबत दिलं, खुर्चीत बसवलं, मुलाच्या पगाराचं सांगितलं. चाचा म्हणाले, "झोपायच्या खोल्या दाखवता का?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. चाचांनी घरातल्या सगळ्या गाद्या दाबून पाहिल्या. सासूची गादी जाड, सुनेची पातळ असली तर पोरगी द्यायची नाही, असं घरून ठरवूनच गेले होते. त्या घरात सगळ्या सारख्याच जुन्या आणि सारख्याच गाठीच्या निघाल्या. चाचांनी लग्न पक्कं केलं आणि आहेर म्हणून त्या घरच्या एकूण एक गाद्या पिंजून दिल्या.

अमिनाभाभी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं. चाचांनी पंधरा दिवसांनी शटर उघडलं आणि कामाला लागले. मला वाटलं, सावरले बाई. मग माझ्या लक्षात आलं की दर सोमवारी त्यांच्या दारात एकच गादी उन्हात पडलेली असते. निळ्या पट्ट्यांची. आठवडाभराने ती उसवायची, कापूस पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायची. कधी कापूस कमी, कधी जास्त, एकदा तर सगळी सावरीच्या कापसाची. गाद्या घ्यायला हल्ली येतंय कोण, सगळ्यांना फोम हवा, आणि हा माणूस एका गादीवर दिवस घालवतोय.

मी विचारलं, "कुणाची हो ही?"

"एक गिऱ्हाईक आहे. फार किरकिरं. झोपच लागत नाही म्हणतं."

असं महिनोन्महिने चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चाचा, त्या गिऱ्हाइकाचं नाव सांगा मला. मी जाऊन चार शब्द सुनावते. माणसाचा हात मोडेल दाभण ओढून ओढून."

चाचा टाका घालत होते. मान वर न करता म्हणाले, "मीच आहे ताई."

दोन वर्षं हा माणूस धड झोपला नव्हता. पहाटे तासभर डोळा लागायचा तेवढाच. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टर काय करणार? गादीत खोट आहे. कुठेतरी गाठ राहतेय, मला सापडत नाहीये." मला सगळं समजलं होतं हो, पण तोंडावर कसं सांगणार? मी आपली "असेल असेल" म्हणून पिको करत बसले.

त्याच सुमारास पुण्यात ते नवीन मोठं हॉटेल उघडलं. काचेचं, पंचतारांकित की काय ते. पेपरात पानभर जाहिरात आली, आणि तीत अर्धं पान नुसता पलंग. त्यावर झोपलं की ढगावर झोपल्यासारखं वाटतं म्हणे. शिवाय उशांचं मेन्यूकार्ड. चाचांनी ते पान कापून दुकानात लावलं आणि रोज त्याच्यासमोर उभे राहायला लागले. योगायोग असा की शाहीनच्या नवऱ्याला कंपनीने चांगल्या कामाबद्दल त्याच हॉटेलातल्या एका मुक्कामाचं कूपन दिलं. चाचांनी आयुष्यात लेकीकडे काही मागितलं नव्हतं, ते मागितलं.

जायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, "ताई, ठरवून टाकलंय. तिथं झोप लागली तर माझा हात गेला असं समजायचं. मग शटर बंद. लोकांना खोट्या गाद्या द्यायच्या नाहीत."

"आणि नाही लागली तर?"

त्यांनी माझी सांडलेली रिळं उचलून डब्यात ठेवली आणि ते उठून गेले. मला तेव्हा कळलं की त्यांना झोप लागायला हवी होती. तीन पिढ्यांचं काम बंद करावं लागलं तरी चालेल, पण गादीतच खोट निघू दे, असं त्यांच्या मनात होतं. मी त्या दिवशी एका ब्लाउजची बाही उलटी जोडली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात पिशवी घेऊन स्वारी निघाली. आणि त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला चाचा रिक्षातून उतरून आपलं शटर न उघडता थेट माझ्याकडे आले.

"सांगा," मी म्हटलं. हातातलं काम खाली ठेवलं.

"दारातच अडवलं. पिशवी त्या मशीनमधून घातली तर ओरडायला लागली. आत दाभण होतं ना."

"हॉटेलात दाभण कशाला नेलंत?"

"शिवण उसवून आतलं बघायला नको? ठेवून घेतलं त्यांनी. बिल्ला दिला मला, चपला ठेवल्यावर देतात तसा." मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं की कूपन दोघांचं आहे, दुसरे पाहुणे मागून येणार आहेत का. चाचा म्हणाले, "मी म्हटलं, नाही, एकच. तिने दोनदा विचारलं. तिचं कामच आहे ते."

खोली एवढी मोठी की नमाजाला बसायचं कुठे हे ठरवायलाच वेळ गेला म्हणे. मग त्यांनी पलंगावरच्या चादरी एकेक करून काढल्या, चार निघाल्या, आणि गादी वितीने मोजली, मुठीने दाबली, कडेने चाचपली. उशांचं मेन्यूकार्ड वाचता येईना म्हणून फोन करून सगळ्याच मागवल्या. उशा घेऊन एक बाई आल्या, हडपसरच्या पलीकडच्या गावच्या. सात उशा. एकीत चक्क धान्याचा भुसा. चाचा म्हणाले, "आमच्या आजोबांनी हे गिऱ्हाइकाला दिलं असतं तर लोकांनी मारलं असतं."

"त्या बाईंना म्हटलं, तुम्ही रोज हे पलंग लावता, कधी निजून बघितलं का? तर म्हणाल्या, आमाला परवानगी न्हाय. मी विचारलं, घरी झोप कशी लागते? म्हणाल्या, काय इचारता, सतरंजीवर पडल्या पडल्या डोळा लागतोय, मालक एवढा घोरतोय तरीबी."

मी न राहवून विचारलं, "आणि गादी?"

"चांगली आहे," चाचा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? उत्तम आहे. मी कडेपासून कडेपर्यंत निजून बघितलं. खड्डा नाही, गाठ नाही. माझ्या बापालाही नाव ठेवता आलं नसतं."

"झोप लागली?"

त्यांनी मान हलवली. "नाही."

टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे गादीत नव्हतंच काही. माझ्या गाद्यांत पण नव्हतं. उगाच उसवत बसलो." मग म्हणाले, "तिथं काही म्हणजे काही वाजत नाही, ताई. रस्ता नाही, पंखा नाही, शेजारी नाही. घरीही आता तसंच झालंय. आमची ही सगळी कामं आटपून मशीनवर बसायची. मी म्हणायचो, बंद कर ते खडखड, झोपू दे. ती म्हणायची, एवढी एक खोळ. आणि त्या खडखडीत मला कधी झोप लागायची ते कळायचं नाही. चाळीस वर्षं. मला तिची आठवण येते. फार येते."

मी विचारलं, "मग दुकान?"

"चालू ठेवायचं. बंद कशाला?"

"झालं तर मग. बसा, चहा सांगते." चहावाल्याला फोन लावला, तो उचलेना. पाच वाजता जोशीकाकूंचा ब्लाउज द्यायचा होता, त्याची थोडी शिलाई राहिली होती. म्हटलं, थोड्या वेळाने परत लावू, तोवर तेवढं मारून घ्यावं. मी पायाच्या मशीनवर बसले. बाजूची शिवण झाली, बाही झाली, गळ्याची पट्टी झाली. दोरा तोडायला थांबले आणि चाचांना काही तरी विचारायला मान वळवली.

चाचा स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपले होते. तोंड थोडं उघडं, टोपी खाली पडलेली. मशीन थांबली तशी त्यांची पापणी हलली.

मी पटकन पाय चालवला. शिवायला काही उरलं नव्हतं. सुईतला दोरा ओढून काढला आणि तशीच रिकामी मशीन चालवत राहिले. त्यांचा श्वास पुन्हा लांब झाला. माझ्या पोटऱ्या भरून आल्या, डोळे भरून आले, पण पाय थांबवला नाही. समोरचं ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी चाचा हलले नाहीत.

पाचला जोशीकाकू आल्या. मशीनकडे बघून म्हणाल्या, "अहो, खाली कापड कुठंय?"

"बाहेर बसा," मी हळू आवाजात म्हटलं. "काम चालू आहे."