महाराजांच्या शिकारी डगल्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असोत, लेखणी न अडखळो आणि ऐकणारांस पडसें न होवो. शके सोळाशें एकोणसत्तर, प्रभव नाम संवत्सरीं, आषाढ मासीं, एका डोंगरी राज्यांत जें जाहलें तें ऐसें. राज्याचें नांव सांगत नाहीं; ज्यांचें आहे ते ओळखतील आणि उगाच रागावतील.

तेथील महाराज शिकारीचे मोठे षोकी. पावसाळ्यांत रानडुकरें खालीं उतरत आणि नाचणीची नासाडी करीत, म्हणोन महाराज भर पावसांत स्वारी काढीत, आणि चिंब भिजोन, शिंकत परत येत, आणि मग आठवडाभर दरबारांत काढ्याचा वास. त्या सालीं वैद्यबुवा हात जोडोन बोलिले, "सरकार, छाती भरली आहे. आणखी एकदां भिजणें झेपायचें नाहीं." हें ऐकोन राणीसाहेब कष्टी जाहल्या. मग महाराजांनीं रंभाजी जामदारास, म्हणजे राजवस्त्रें ज्याच्या हवालीं त्यास, बोलावोन आज्ञा केली कीं, "शिकारीचें वस्त्र ऐसें करणें कीं पाणी आंत न यावें. आम्ही आंतोन भिजलों तर तुझा कडेलोट." रंभाजीनें मुजरा केला आणि घरीं जाऊन जेवला नाहीं.

प्रथम त्यानें घोंगडी आणिली. ती ऊबदार खरी, परंतु भिजली तेव्हां इतकी जड जाहली कीं घोडाच खालीं बसला. मग पानांचें इरलें आणिलें. तें झुडपांत अडकलें आणि त्याची सळसळ ऐकोन डुकरें दुसऱ्या राज्यांत गेलीं. मग बंदरावरोन मेणकापड आणविलें आणि डगला शिवविला; गळा आवळ, मनगटें आवळ, कमरेस दुहेरी पट्टा, आणि मुंगीसही वाट ठेविली नाहीं. मग भर दरबारीं परीक्षा जाहली. रंभाजी स्वतः डगला घालोन चौकांत उभा राहिला आणि भिस्त्यांनीं पाण्याच्या पखालीमागोन पखाली त्यावर रित्या केल्या, आणि डगला काढोन पाहतात तों आंतील बंडी कोरडी ठणठणीत! सर्वांनीं वाहवा केली. परंतु महाराजांसमोर कोणीं हालूं नये हा त्या दरबारचा रिवाज, म्हणोन रंभाजी खांबासारखा उभा होता, आणि हा डगला घालोन जरा चालोन पाहावें, चढ चढावा, ऐसें एकाच्याही मनांत आलें नाहीं.

आणिक एक रिवाज येथें सांगणें प्राप्त आहे. महाराजांच्या आजोबांस कोणा भाटानें गाऊन सांगितलें कीं, आपल्या देहास घाम ठाऊक नाहीं. आजोबा भोळे, त्यांस तें पटलें. तेव्हांपासोन राजास घाम येत नाहीं हें दरबारीं ठरोन गेलें. उन्हाळ्यांत महाराज निथळत असत आणि हुजरे तोंड पुशीत म्हणत, "सरकारांच्या मुखावर तेज आलें." घाम हा शब्द काढील त्याची जीभ जावयाची.

असो. मग पंचमीस स्वारी निघाली आणि डोंगर चढली; राणीसाहेब मेण्यांतून आधींच माथ्यावरील राहुटींत गेल्या होत्या. पाऊस मुसळधार, वाट निसरडी, घोडे खालीं ठेविलेले, आणि महाराज डगल्यांत आवळोन, धापा टाकीत पायीं माथ्यावर पोंचले. तेथें राहुटीपुढें डगला उतरविला तों बंडी पिळोन काढावी ऐसी ओली! वारा लागतांच महाराज कुडकुडूं लागले आणि संतापोन गर्जले, "हा डगला गळका! रंभाजीस कड्यावर न्या." आतां काय सांगावें! तें पाणी कोठलें हें हुजऱ्यास ठाऊक, सरदारांस ठाऊक, दिवाण त्रिंबकपंतांस ठाऊक, आणि दांतावर दांत बसवोन सारे गप्प. रंभाजीही गप्प. बोलावें तर जीभ जाते, न बोलावें तर जीव जातो. दोघां शिपायांनीं त्यास दंडांस धरोन कड्याशीं नेलें.

तों राणीसाहेब राहुटींतून बाहेर आल्या. त्यांनीं महाराजांस कोरडी शाल पांघरली, बंडी हातीं घेतली, पिळली, आणि ओंजळ पुढें करोन बोलिल्या, "आमचं कांहीं म्हणणं नाहीं. इकडून नुसतं जिभेला लावून बघावं."

महाराजांनीं बोट बुडवोन चाखिलें. "खारट आहे," बोलिले.

त्रिंबकपंत पुढें धांवले. "सरकार, ढग समुद्राकडचे. पाऊस खारटच पडायचा."

तेव्हां महाराजांनीं मान वर केली आणि आकाशाकडे तोंड उघडोन उभे राहिले. पाऊस तोंडांत पडला. गोड होता. मग पंतांकडे पाहिलें, मग राणीसाहेबांकडे, मग कड्यावरल्या रंभाजीकडे, ज्याचे ओठ देवाचें नांव घेत होते. आणि बोलिले, "सोडा त्याला. हें पावसाचें पाणी नव्हे. आम्हांस घाम आला आहे."

मग एका म्हाताऱ्या सरदारानें आपल्या गळ्याचे बंद तडातड तोडिले आणि ओरडला, "सरकार, मलाही फार आलाय!" आणि जो तो बंद सोडूं लागला, पुसूं लागला, हंसूं लागला. रंभाजी मात्र चिखलांत बसोन लहान पोरासारखा रडला. महाराज जवळ गेले आणि पुसिलें, "रंभाजी, उठतोस ना?"

"उठतों सरकार. आधीं पायांत पाय येऊं द्या."

पुढें नवा डगला जाहला. खांद्यांस व पाठीस मेणकापड, काखा उघड्या, पाठीवर झडप आणि तिच्याखालीं वाऱ्यास वाट, आंत पातळ लोकरी बंडी. चढतांना गळा मोकळा, थांबतांच बंद. या वेळीं परीक्षा खुद्द महाराजांनीं दिली. भिस्ती बरोबर चालत पाणी ओतीत राहिले आणि महाराज गडाच्या पायऱ्या चढोन वर आले, तों बंडी जराशी दमट, अंग ऊबदार, आणि वैद्यबुवांनीं छातीस कान लावोन डोळे मिटिले, मग हंसले. राणीसाहेबांनीं देवापुढें साखर ठेविली.

इतकी हकीकत. डुकरें थोडीं पडलीं, महाराज पुष्कळ वर्षें धडधाकट राहिले. रंभाजी म्हातारा होऊन आपल्या खाटेवर वारला, आणि त्यास पोंचवावयास महाराज भर उन्हांत पायीं आले, घामाघूम होऊन. हुजरा तोंड पुसावयास आला त्यास नको म्हणाले.