प्रौढ मजकूर

माझ्या बायकोच्या, शिवरंजनीच्या, कीर्तनाचा व्हिडिओ मीच नेटवर चढवतो, असं मी आपणहून म्हणालो. (बायकोसाठी आपणहून केलेली कामं मला नेहमीच भोवतात.) इन्नंबूरच्या भजनमंडळाचे सुंदरेशमामा तो पाहून तिला उत्सवाला बोलवायचं की नाही ते ठरवणार होते. कुंभकोणमच्या बाहेरचं तिचं हे पहिलंच कीर्तन ठरलं असतं.

ॲपची भाषा मी अभिमानाने मराठी ठेवली आहे. त्यात प्रश्न आला, 'हा मजकूर प्रौढ आहे का?' आता आम्हा तंजावरी मराठ्यांच्या घरात प्रौढ म्हणजे भारदस्त. महाराजांना प्रौढप्रतापपुरंदर म्हणतात ते काय उगीच? मी छाती फुगवून 'होय' दाबलं.

कीर्तनाचा विषय होता 'एकांताचे सुख'.

संध्याकाळी मामांचा फोन आला.

"अय्यो, स्वामीनाथ, हें काय? बाईंचें तोंड धुरकट केलें आहे, वर 'फक्त प्रौढांसाठीं', खालीं 'एकांताचें सुख'! मी देवळांत बसलों आहें!"

शिवरंजनी रडायचीच बाकी होती. "लोक माझें कीर्तन डोळे झांकून ऐकतात," ती म्हणाली, "पण अशासाठीं नव्हे!"

मी ॲपच्या कंपनीचा उद्धार करू लागलो. तेव्हा आमची मुलगी कीर्ति म्हणाली, "अप्पा, पाटी चुकली नाहीं, तुम्ही चुकलां. फोन काय पोरांच्या हातांत नसतो? भलतें त्यांच्या पुढें येऊं नये, आणि मोठ्यांनाही पाहायचें कीं नाहीं तें आधीं ठरवतां यावें, म्हणून ती पाटी."

बसमध्ये काही खाजगी बोलायचं तर आम्ही मराठीत बोलतो, शेजारच्याला कळत नाही. पण घरात पोरांपासून लपवायला भाषाच उरत नाही. माझ्या लहानपणी काका रंगात आले की आई नुसते डोळे वटारायची, आणि काका वाक्य अर्ध्यात गिळायचे. फोनच्या एवढ्या मोठ्या दुनियेत डोळे वटारणारं कुणीतरी हवंच की! हे मला मनापासून पटलं. फक्त ते डोळे माझ्यामुळे बिचाऱ्या शिवरंजनीवर वटारले गेले, याचं फार वाईट वाटलं.

कीर्तीने अर्ज करून ती पाटी काढवली. दोन दिवसांनी पुन्हा मामा.

"पूर्ण ऐकलें. काय गोड गळा! बाईंना उत्सवाला घेऊन या."

"म्हणजे आतां कांहीं अडचण नाहीं ना, मामा?"

"अडचण कसली? फक्त आरंभीं तुम्ही प्रास्ताविक केलें आहे ना," मामा जरा घुटमळले, "तेवढ्यापुरता तो पडदा परत घालतां येईल कां?"