भरतच्या गाडीची अंघोळ

"आये, गाडीला हात लावायचा नाय," भरतनं पुन्हा बजावलं आणि चंद्रभागेच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

पनवेलहून जुनी घेतलेली, पण नव्यासारखी चकचकणारी काळी गाडी कापडे गावात घरापुढच्या फणसाखाली उभी होती. "डॉक्टरची गाडी, फक्त रविवारी बाहेर काढायचे," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. आज दुपारी याच गाडीतून पाचाडला भरतसाठी मुलगी बघायला जायचं होतं. म्हणून त्यानं ती स्वतः धुतली. एक बादली साबणाची, एक नुसत्या पाण्याची. आधी छत, मग खाली. फडकं रेशमासारखं मऊ. गोल घासायचं नाही, कोरडं पुसायचं नाही, चरे पडतात. आणि पाखराची शीट पडली तर लगेच काढायची, ती रंग खाते.

"तुलासुद्धा कधी इतकं निगुतीनं न्हाऊ घातलं नाय मी," चंद्रभागा म्हणाली.

"तुला नाय कळायचं त्यातलं," असं म्हणून भरत मित्राच्या मोटारसायकलवरून केस कापायला पोलादपूरला गेला.

तो वळणापलीकडे दिसेनासा झाला आणि फणसावरच्या कावळ्यानं आपला कार्यभाग उरकला. शीट थेट ड्रायव्हरच्या दारावरून ओघळली. चंद्रभागा पेचात पडली. हात लावावा तर हुकूम मोडतो, न लावावा तर रंग जातो. "रंग खाते म्हणाला ना? मग काय बघत बसू?" तिनं पदर खोचला, जुन्या लुगड्याचं धडपं आणलं आणि खसाखसा पुसलं. शीट गेली. तिच्या जागी भाकरीएवढा चऱ्यांचा धुरकट डाग उमटला.

शेजारची गीताबाई कुंपणावरून डोकावली. "गो, पातेलं घासलंस काय?"

"मग आता पातेल्यासारखं लखलखीत करते!"

भरतच्या सामानात चरे घालवायच्या मलमाची बाटली होती. बाटलीवर चकाकत्या गाडीचं चित्र होतं, एवढी सूचना तिला पुरेशी होती. तिनं मलम थापलं आणि अंगातलं सगळं बळ लावलं. धडपं काळं झालं.

"केवढा मळ गो!" गीताबाई कौतुकानं म्हणाली.

"आणि म्हणे धुतली!"

मळ काही संपेना. मग काळ्याखालून पांढरं दिसू लागलं आणि पांढऱ्यावर लाल.

"रगात आलं गो!" गीताबाई किंचाळली.

ते रक्त नव्हतं, अक्षर होतं. 'ट'. दुसरी एखादी असती तर तिथंच थांबली असती. चंद्रभागेनं आणखी मलम घेतलं. अर्धं वाचून सोडायची तिला सवय नव्हती. भरत परतला तेव्हा दारावर ठसठशीत ओळ उमटली होती: मोटर ट्रेनिंग स्कूल, महाड.

"आये! काय केलंस हे?"

"मी फक्त पुसलं. लिवलंय दुसऱ्यानं. तुझा डॉक्टर शिकवणी घेत होता काय रे?"

भरत पायरीवर मटकन बसला. पाहुण्यांना फोन करून नाही म्हणू, रिक्षानं जाऊ, निदान दारावर कागद तरी चिकटवू, असं काय काय तो पुटपुटला.

"फसवलं त्या माणसानं आणि तोंड तू लपवायचं?" चंद्रभागा कडाडली. "त्याची गचांडी धरायला मी येते पनवेलला. आज पाचाडला जायचं म्हंजे जायचं. ह्याच गाडीतून!"

वाटेत ट्रकवाले अदबीनं अंतर ठेवून चालले. महाडच्या नाक्यावर एकजण ओरडला, "क्लच हळू सोड!" भरतनं मान खाली घातली, चंद्रभागेनं काचेतून हात हलवला.

पाचाडला मुलीचे वडील महिपतराव अंगणात स्वागताला उभे होते. त्यांनी आधी दार वाचलं, मग भरतकडे पाहिलं. "तुम्ही मुंबईला नोकरी करता ना?"

चंद्रभागा खाली उतरली. "करतो की. गाडी जुनी हाय, वरचा रंग खोटा होता, तो मी घासून काढला. पोरगंबी घासून बघा, त्याच्याखाली दुसरं काय नाय."

महिपतराव हसावं की रागवावं याच विचारात होते, तोवर मुलगी, सेजल, चहाचा ट्रे ओट्यावर ठेवून सरळ गाडीपाशी आली. तिनं लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बाबा, ही तर आमच्या क्लासची गाडी! हिच्यावरच शिकले मी." मग भरतला म्हणाली, "दुसरा गियर अजून अडकतो ना?"

"अडकतो," भरत म्हणाला. गाडीबद्दल त्या दिवशी तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.

"त्याला जरा युक्ती लागते. चावी द्या, दाखवते."

भरत घुटमळला. चंद्रभागेनं त्याच्या हातातली चावी काढून सेजलला दिली आणि स्वतः मागच्या सीटवर ऐसपैस बसली. महिपतराव "अगं, पावणे..." म्हणेपर्यंत गाडी अंगणाबाहेर पडली होती. दुसरा गियर लोण्यासारखा पडला.

पुढच्या वळणावर समोरून एसटी आली आणि शेजारी बसलेल्या भरतनं घाबरून पाय खाली जोरात दाबला.

"तुमच्या बाजूचा, शिकवणाऱ्या मास्तरांचा ब्रेक काढून टाकलेला दिसतोय," सेजल एसटीला सफाईनं बगल देत म्हणाली. "बरंच झालं."