पोर्तुगीज नाना

आमच्या पालीच्या दूध संस्थेच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यावर कायम सचिवांची टोपी अडकवलेली असायची. सचिव म्हणजे यशवंतनाना साळवे. त्यांना किती वाजले असं विचारलं, की ते आपल्याकडे असे बघायचे, जणू आपण त्यांच्या तोंडावर शिंकलोय. "वाजायचं सोड. काय व्हायचं हाय ते सांग," म्हणायचे. संस्थेच्या फळ्यावरही त्यांच्या अक्षरात तसंच: 'दूध घेणे, म्हशी पिळून झाल्यावर. खिडकी बंद, एसटी येण्याआधी. सभा, ऊन उतरल्यावर, सरपंचांची वाट न बघता.'

मी तिथं दुधाची फॅट मोजायचो. पहिले दोन महिने मला वाटलं, माणूस सटकलेला आहे. तिसऱ्या महिन्यात कळलं, प्रकरण त्याहून मोठं आहे. नाना शेकडो वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज भाषेवर पुस्तक लिहीत होते. बीड जिल्ह्यात, दुधाच्या कॅनांमध्ये बसून! तरुणपणी ते पणजीला एका दप्तरखान्यात शिपाई होते. जुने कागद झटकता झटकता वाचायलाच लागले. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं हा छंद ओळखून त्यांना ती भाषा शिकवली. वडील थकल्यावर नाना गावी परतले, ते पत्र्याची पेटी भरून पुस्तकं घेऊनच.

पुस्तकाचा विषय काय, तर त्या काळचे लोक 'कधी' हे कसं सांगायचे.

"आरं, तेंचं आपल्यावानीच होतं," नाना सांगायचे. "'येणे', 'जाणे', 'पेरणे' असा नुस्ता शब्द घ्यायचा. त्याला 'आधी' लावायचं, न्हाईतर 'तोवर', न्हाईतर 'नंतर'. झाली येळ तयार! आन् लई भारी म्हंजी, कोण येणार, कोण जाणार, ते बी त्या शब्दालाच शेपटावानी चिकटवायचे. येळ कुणाची तरी असती रं! घड्याळातली येळ कुणाचीच नसती."

हे मी ऐकतच राहिलो. खोटं कशाला सांगू, फॅटची नळी हातातच राहिली आणि मागची रांग खोळंबली.

त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नाही. बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या, जनावरं चारा छावणीत गेली आणि संस्थेचं दूध दोन कॅनांवर आलं. पाण्याच्या टँकरची वेळ ठरवायला जिल्ह्याहून एक साहेब आले. नाना म्हणाले, "बाया छावणीवरून आल्यावर धाडा." साहेबांनी हसून 'सकाळी अकरा' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी टँकर बरोबर अकराला आला. बाया छावणीत शेण काढत होत्या. हंडा घेऊन कोणीच येईना, तेव्हा ड्रायव्हर भरला टँकर घेऊन पुढच्या गावाला निघून गेला. गावानं दिवसभर साहेबांचा उद्धार केला. पुढच्या आठवड्यात आलेल्या सरकारी कागदावर 'बाया छावणीवरून आल्यावर' असं टाइप केलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. त्या दिवसापासून मी नानांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात नानांची नजर जायला लागली. डॉक्टरांनी हात टेकले. आणि नेमकं तेव्हाच, नानांनी पूर्वी पाठवलेली पानं वाचून, गोव्याहून एका प्राध्यापिकेचं पत्र आलं: पुस्तक पुरं करून पाठवा, आम्ही छापतो. मी म्हटलं, नाना, तुम्ही सांगा, मी लिहितो. एका दुपारी त्यांच्या घरी बसलो आणि वह्या उघडल्या. 'आधी', 'होताना' आणि 'तोवर' या तीन वह्या काठोकाठ भरलेल्या. 'नंतर' ही चौथी मात्र कोरी.

"ही कावून कोरी, नाना?"

नानांनी कोऱ्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्या तिन्ही गयाच्या हायेत."

गयाबाई म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी वारली. शाळेची पायरी चढली नव्हती.

"मी तिकडचं वाक्य फोडून सांगायचो, आन् आपल्यात तसं कसं म्हणत्यात, ते ती सांगायची. चुलीम्होरं बसून. मी चुकलो की हसायची. 'नंतर'ची वही आणायला बीडला गेलतो. आलो, तर तिला ताप भरलेला. आता कुणाला इचारू?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढं अचाट काम एका वहीसाठी अडून राहणार? "पण नाना, डोळे गेल्यावर काय करणार?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

नाना मात्र हसले. "बघ, तुला येतंय की 'नंतर'चं," म्हणाले. तळहात एकमेकांवर घासत राहिले.

"लिही," अखेर ते म्हणाले. "गया गेल्यावर मी भाकरी थापायला शिकलो."

मी लिहिलं.

"आता पोर्तुगीज घे."

ते एकेक शब्द सावकाश उच्चारत गेले आणि मी जसं ऐकू येईल तसं उतरवत गेलो. त्यातला एकच शब्द मला कळत होता, गया. नानांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. माझं लिहून कधीच झालं होतं, पण मी तसं सांगितलं नाही.