तात्यांचे ब्लूज

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. संगीतातलं मला काही कळत नाही, तरी शेजारच्या तात्यांवर लिहायला बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भाजीवाल्याला सूर शिकवणारा माणूस भोरमध्ये एकच.

"मेथीतला 'थी' जरा खाली घसरव रं. दुःख येऊ दे."

"तात्या, दुःख आल्यावर मेथी घील कोण?"

तात्या व्हायोलिन वाजवतात. ते, त्यांचे थोरले भाऊ दादा आणि दोन निवृत्त मास्तर, असे चौघे खुर्च्या मांडून, कागद समोर ठेवून विलायती संगीत वाजवायचे. दादांकडे चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचं थोरलं व्हायोलिन. एकदा तात्यांनी माझ्या मोबाईलवर ब्लूज ऐकलं. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी. झालं! ते या चौघांच्या वाजवण्यात घालायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं.

"दुःख एकट्याचं आसतं रं, पण सांभाळायला चौघं लागत्यात."

एका लग्नाच्या मांडवातही त्यांनी तेच वाजवलं. नवरीची आई हळद लागायच्या आधीच रडायला लागली. शेवटी आचारी येऊन म्हणाला, "तात्या, पाठवणी अजून लांब हाय."

पुढे तालमीत दादा सारखे मागे पडू लागले. तात्या चिडले. "दादा, ध्यान कुठं हाय तुमचं?"

दादा उठले. "असलं रडगाणं आमच्याच्यानं व्हायचं न्हाई," म्हणाले, चेलो एसटीत चढवला आणि वेल्ह्याला मुलाकडे निघून गेले.

"रडायला काय निराळी तार लागती व्हय?" तात्या मागून ओरडले. त्या दिवशी जेवले मात्र नाहीत.

तेव्हापासून ते वाजवतात, मी व्हिडिओ काढतो आणि दादांना पाठवतो. त्याआधी शर्टाला इस्त्री हवीच. "दादांना सुरकुती खपत न्हाई." मग दिवसभर विचारणा, "आलं का काई?" काहीच आलेलं नसतं. "अजून रागात हायेत. पुढच्या बारीला गोड वाजवतो."

गेल्या आठवड्यात दादांची सून भोरला आली. तिला बस म्हणायच्या आधीच तात्यांनी विचारलं, "ऐकत्यात का गं? का तसंच पुसून टाकत्यात?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"मामंजींना ऐकूच येत न्हाई, तात्या. हितं हुते तवाच कमी झालं हुतं. तुमाला कळू नये म्हनून भांडून आले. आता मोबाईल मांडीवर घिऊन बसत्यात, तुमचा हात कसा चालतोय ते बगत्यात. संपलं की म्हनत्यात, परत लाव."